ताटावरचा आडवा हात

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. सुरू केलं आणि सोडून दिलं, असं बऱ्याच वेळा झालं. मला हात नाहीत, मग लिहिलं कसं, ते विचारू नका. अशा गोष्टीत वस्तू आपलं कौतुक सांगते, कुठे घडलो, किती राबलो, मग कसा कोपऱ्यात पडलो. ते माझ्याकडेही आहे. पण माझ्या गोष्टीच्या मधोमध एक माणूस आहे आणि त्याचा पाय आहे. त्याला गाळून सांगितलं तर मी खोटा. धरून सांगितलं तर घरच्यांना लागणार. म्हणून राहिलं होतं. आज सांगून टाकतो.

मी एक जुना पितळी पळा आहे. वाढायचा पळा. लांब दांडा, पुढे खोल वाटी, मागे अडकवायला आकडा. खीर, वरण, कढी, बासुंदी, जे जे ओतून वाढायचं ते सगळं माझ्याकडे.

मला बनारसच्या ठठेरी बाजारात ठोकून काढलं. तिथे दिवसभर ठोकाठोक चालते, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्यासारखे बरेच पळे एका दोरीला लटकून होते. नरहर नावाचा एक तरुण भटजी आला, त्याने मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा दे, भैया. हा बोलतो." त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको वीणा, नाशिकहून आलेली. नवा संसार, नवा पळा.

त्यांचं घर रामघाटाच्या गल्लीत. तिथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेर पडलं की हिंदी, घरात मराठी, आणि घरातल्या मराठीतही मधे मधे हिंदी येऊन बसलेली. महाराष्ट्रातून लोक काशीला येत, आईबापांचं श्राद्ध करायला. त्यांची सोय नरहर करायचा. घाटावरचे विधी करवून घ्यायचा, घरी जेवायला घालायचा. दुसऱ्यांच्या घरी श्राद्धाचा ब्राह्मण म्हणून स्वतः जेवायलाही जायचा. पुढे सगळे त्याला अप्पा म्हणायला लागले, म्हणून मीही अप्पाच म्हणतो.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आमच्याकडे पंगतीत आग्रह असतो. नुसतं वाढून चालत नाही. पानातलं संपलं की वाढणारा परत येतो. जेवणारा पानावर हात आडवा धरतो. नको म्हणतो. वाढणारा ऐकत नाही. मला भरून त्या हाताच्या बरोबर वर आणतो. "घ्या हो, एवढंसं." "नको, नको, पोट फुटेल." "फुटू दे, शिवून देऊ." मी हळूहळू कलतो. कडेला थेंब जमतो. आणि अगदी शेवटच्या क्षणी हात बाजूला होतो. खीर पानात पडते, सगळे हसतात, जेवणारा कपाळाला हात लावतो आणि जेवतो.

हात निघाला नाही, असं मी कधी बघितलं नव्हतं. आडवा हात म्हणजे नाही, असं आमच्या घरात कुणी धरतच नव्हतं. आडवा हात म्हणजे अजून जरा मागे लाग.

यात अप्पांची बरोबरी कुणी करू शकत नव्हतं. त्यांचा हात इतक्या उशिरा निघायचा की वीणाची, म्हणजे पुढे मीही जिला आई म्हणायला लागलो तिची, छाती धडधडायची. त्यांना आवडायची गव्हल्यांची खीर. गव्हले म्हणजे रव्याचे, गव्हाच्या दाण्याएवढे. दुधात मळलेला रवा दोन बोटांत फिरवून एक एक दाणा करायचा आणि वाळवायचा. आई उन्हाळ्याच्या दुपारी ते करायची, डबा भरून ठेवायची. मग वर्षभर कुणी पास झालं, कुणी आजारातून उठलं, कुणी गावाहून आलं, की दूध उकळायला ठेवायची आणि मला आकड्यावरून काढायची.

मग शार्दूल झाला. एकच मुलगा.

मला दोस्त म्हणायचा तो. "आई, दोस्त दे." खीर संपली की मला दोन्ही हातांनी धरायचा, वाटीत तोंड घालायचा, नाकाला खीर लावून घ्यायचा. तापातून उठला की मऊ भात आणि तूप. शाळेतून आला की गूळपोळी. थंडीत सकाळी अप्पांच्या बोटाला धरून कचोरी-जिलेबी खाऊन यायचा, आणि घरी येऊन परत जेवायचा. आई कौतुकानं सांगायची, माझा शार्दूल कशाला म्हणून नाही म्हणत नाही.

ती माझी चांगली वर्षं. दांडा गुळगुळीत झाला होता. आलेले लोक म्हणायचे, वहिनी, तुमचा पळा लई मोठा आहे. आई म्हणायची, पळा मोठा नाही, तुमची भूक लहान आहे.

पुढे अप्पांना शुगर निघाली. गोळ्या आल्या. गोळ्या घ्यायचे आणि जेवायचे. शार्दूल तेव्हा कॉलेजात होता, तो बोलायचा.

"अप्पा, डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय ना?"

"अरे, यजमान हात जोडून समोर उभा असतो. त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं वाढतो. त्याला काय सांगू, माझी शुगर दोनशे आहे?"

"हो. तेच सांगा."

"आणि बाप उपाशी गेला तर?"

यावर शार्दूल उठून जायचा. घरी तर प्रश्नच नव्हता. घरी अप्पा हात आडवा धरायचे, आई मला कलवायची, हात निघायचा. आईला वाटायचं, बाहेर इतकं खातात, घरच्या चमच्याभराने काय होणार आहे.

टाचेला भेग पडली. भेगेची जखम झाली, जखम काळी पडली. घरात वास यायला लागला. उदबत्ती लावली तरी जाईना. मग दवाखाना. पाय गुडघ्याखाली कापला. अप्पा कुबडी घेऊन दारापर्यंत जायचे, घाटाच्या पायऱ्या तिथूनच बघायचे आणि परत फिरायचे. यजमान दुसरीकडे जायला लागले. मार्गशीर्षात ते गेले. जायच्या आधी त्यांनी खीर मागितली होती. आईने अर्धा पळा भरला. त्या दिवशी त्यांनी हात आडवा धरला नाही. तेवढी ताकदच नव्हती.

अप्पा गेले त्याच हिवाळ्यात शार्दूलचं रक्त तपासलं. सारखी तहान लागायची, वजन उतरत होतं. त्यालाही तेच निघालं. वय बत्तीस.

शार्दूल भटजी झाला नाही. कॉम्प्युटरचं काम बघून बघून स्वतःच शिकला, शहरातच सिगरा भागात एका ऑफिसात जातो. कागद हातात घेऊन घरी आला तेव्हा बराच वेळ चपला न काढता दारात उभा राहिला. मग स्वयंपाकघरात आला आणि सांगितलं.

"भात बंद. पोळी बंद. साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा, सगळं बंद. औषध चालूच राहणार."

"मग खायचं काय?" आईने विचारलं.

"पनीर. पालक, दुधी, कोबी. दही. शेंगदाणे. डॉक्टरीणबाई अंडं पण खा म्हणाली."

"ह्या घरात?"

"म्हणून तर पनीर."

"आणि किती दिवस?"

"दिवस नाही गं. असंच."

आईने मला उचललं, उगाच पुसलं आणि परत अडकवलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, न खाणं सोपं आहे. तोंड मिटलं की झालं. मी आकड्यावरून रोज बघत होतो, तसं नसतं. घरातून निघालं की कोपऱ्यावर जिलेबी तळत असते. घरी आलं की कुकरच्या शिट्टीतून भाताचा वास येतो. शार्दूल भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचा. पनीर चावून चावून खायचा, औषध घेतल्यासारखा. आई समोर बसून बघायची. तिचं बोलणं तिला थांबवता यायचं नाही.

"सकाळी पनीर, संध्याकाळी पनीर. उंदराला घालतात तसं."

"उंदराला पनीर नाही घालत आई. परवडत नाही."

ती हसायची नाही. मला माहीत होतं तिच्या मनात काय आहे, कारण शेजारच्या प्रमोदिनीमावशींना ती एकदा म्हणाली होती, "बाप खाऊन गेला. पोरगा न खाता जाणार. मी मधे बसून काय करू?" नवरा गेल्यावर तिच्याकडे स्वयंपाकच उरला होता. आणि आता स्वयंपाकाला खाणारं कुणी नव्हतं.

एकदा ती गव्हले करत होती. शार्दूल ऑफिसातून लवकर आला. हात धुऊन तिच्याजवळ बसला आणि तोही बोटांत रवा फिरवायला लागला. लहानपणी शिकला होता, बोटं विसरली नव्हती.

"खाणार नाहीस, मग करतोस कशाला?"

"हात रिकामे असले की भूक लागते."

अंधार पडेपर्यंत दोघं करत बसले. ताटभर झाले. त्याने एकही दाणा तोंडात टाकला नाही. आईचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं.

मग पायाचं झालं. अप्पांच्या दर महिन्याच्या श्राद्धाला एकदा तो अनवाणी घाटावर उतरला. पायाच्या अंगठ्याखाली काच घुसली. त्याला कळलंच नाही. मागून येणाऱ्या नाववाल्याने हाक मारली, "ए भैया, खून निकल रहा है." त्याने वळून बघितलं तर पायऱ्यांवर लाल ठसे, वरपासून खालपर्यंत, आणि सगळे त्याचे. रक्त बघून नाही घाबरला तो. दुखलं नाही म्हणून घाबरला.

डॉक्टरीणबाईने पाय बघितला आणि सरळ सांगितलं. ते त्याने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. "पाय ठेवायचा असेल तर शुगर खाली ठेवा. एक दिवसाची पण सूट नाही. तुमच्या वडिलांचं काय झालं ते तुम्ही बघितलंय."

तेव्हापासून घरात खायच्या प्रत्येक गोष्टीमागे तो पाय होता. मला एवढंच सांगायचंय की आईला हे समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. पण हाताला समजत नव्हतं. तिच्या हाताला आमटीत गूळ टाकायची सवय होती.

एक दिवस शार्दूलने बोटाला सुई टोचून शुगर बघितली. वाढलेली होती. परत टोचली. तेवढीच.

"आई, आमटीत गूळ आहे?"

"नखाएवढा."

"मी नको म्हणालो होतो."

"अरे, आमटीला चव कशी यायची? नखाएवढ्या गुळाने कुणी मरतं का?"

अप्पांची कुबडी अजून दाराआड उभी होती. कुणी काढली नव्हती. दोघंही तिकडे बघत नव्हते. शार्दूलने आमटीची वाटी बाजूला सारली आणि नुसता पालक खाल्ला. आई उठून आत गेली. दोघांची ताटं तशीच राहिली.

वर्ष झालं. अप्पांचं वर्षश्राद्ध आलं.

श्राद्धाच्या स्वयंपाकात लोखंड चालत नाही, म्हणून स्टीलचे चमचे मागे ठेवले आणि मला पुढे घेतलं. चिंच लावून घासलं. सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं. आईने पहाटेपासून सगळं केलं. भात, वरण, वडे, भाज्या, आणि अप्पांना आवडायची म्हणून गव्हल्यांची खीर. तेच गव्हले, दोघांनी मिळून केलेले.

विधी सांगायला बिंदुमाधवकाका होते. अप्पांचे चुलतभाऊ, रामघाटावरच राहतात, अंगाने भरपूर, आवाज त्याहून मोठा. ब्राह्मण जेवले, पिंड गंगेत गेले. आता राहिलं शेवटचं. श्राद्धाचं उरलेलं अन्न, त्याला पितृशेष म्हणतात, ते श्राद्ध करणाऱ्याने स्वतः जेवायचं असतं. नाही जेवला तर केलेलं अपुरं राहतं, असं मानतात.

शार्दूल पाटावर बसला. पायाला पट्टी. म्हणाला, "काका, मी हे खाऊ शकत नाही. भात नाही, खीर नाही."

"पितृशेष आहे रे. बापाचं आहे."

"माहिती आहे. बापाला काय झालं ते पण माहिती आहे."

काकांनी पोटावरून हात फिरवला. मला वाटलं आता ओरडणार. पण ते म्हणाले, "श्राद्ध एकादशीला आलं तर काय करतात? उपास तर मोडायचा नसतो. मग ताट समोर घेतात आणि वास घेतात. नुसता वास. ते जेवल्यात जमा होतं. तू तेच कर."

"आज एकादशी नाही," आई म्हणाली.

"याची रोजच एकादशी आहे, वहिनी."

ताट वाढलं. शार्दूल पुढे वाकला. डोळे मिटले आणि श्वास आत घेतला. साजूक तुपाचा, वेलदोड्याचा, दुधात शिजलेल्या गव्हल्यांचा. आख्खं लहानपण होतं त्या ताटात. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गिळायला तोंडात काहीच नव्हतं. परत वर गेली. मी त्याला तापात बघितलं होतं, बापाला खांदा देताना बघितलं होतं. इतका थकलेला कधी बघितला नव्हता. मग त्याने डोळे उघडले आणि ताट पुढे सारलं.

"झालं," काका म्हणाले. "नरहर तृप्त. हे ताट गायीला जाईल. आता तुझं ते पनीर आणा. आणि आम्हाला वाढा, आम्ही काही एकादशीवाले नाही."

सगळे जेवायला बसले. शार्दूलपुढे दुसरं ताट आलं, पनीर आणि दुधी. इथेच सगळं संपायला हवं होतं.

आई वाढत होती. काकांना खीर वाढली. काकांनी हात आडवा धरला, आईने मला कलवलं, हात निघाला, काका म्हणाले, "वहिनी, मारताय आज." वर्षभरानंतर त्या घरात कुणीतरी हसलं होतं. आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मी परत पातेल्यात बुडालो. खीर गॅसवरून नुकतीच उतरवलेली, वाफा निघत होत्या. आणि ती मला घेऊन शार्दूलपुढे आली.

"एक पळा घे. अप्पांच्या नावानं."

"नाही आई."

"वास घेऊन पोट भरतं का? अर्धा घे."

शार्दूलने ताटावर हात आडवा धरला.

काका हसले. "बघा, बापावर गेलाय."

"हात काढ, शार्दूल."

"नको ओतू."

"पोळेल रे, काढ."

"म्हणून सांगतोय, नको ओतू."

आईच्या तोंडावर हसू होतं. इतक्या वर्षांचं तेच हसू. तिने मला कलवलं. कडेला थेंब जमला. ती थांबली, कारण आता हात निघतो. नेहमी याच जागी निघतो. आणखी जराशी कलवलं.

हात निघाला नाही.

खीर त्याच्या हातावर पडली. पूर्ण पळा. मनगटापासून बोटांपर्यंत. त्याचं अंग ताठ झालं, दात आवळले गेले, पण हात तिथेच राहिला, ताटावर आडवा. बोटांमधून खीर खाली गळली ती पनीरवर. आईच्या हातून मी सुटलो, जमिनीवर आपटलो आणि भिंतीपर्यंत घरंगळत गेलो. माझा आवाज झाला तेवढाच.

मग आई खाली बसली. पदराने पुसायला लागली. गव्हले कातडीला चिकटून बसले होते. ती बोटांनी एक एक काढत होती, ज्या बोटांनी केले होते त्याच बोटांनी. एकाबरोबर कातडी निघाली. तेव्हा ती थांबली.

"मला वाटलं, काढशील," ती म्हणाली.

"माहिती आहे."

"नेहमी काढतात रे."

"आई, मला खरंच नको होतं."

काका उठून पाणी आणायला गेले. पानात खीर तशीच टाकून.

मित्रांनो, इथून पुढे सगळं चांगलं झालं असं मी सांगू शकत नाही. शुगरवाल्याचं भाजलं की लवकर भरत नाही. हाताला पट्टी बांधून बांधून होळी आली. उजवा हात, त्यामुळे पायाची पट्टी नीट बदलता यायची नाही. आई बदलायची, पण तिला दिसायचं कमी. अंगठ्याखालची जखम आत आत गेली. चैत्रात अंगठा काढला. शेजारचं बोटही काढलं. पाय राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाली, तुम्ही खाण्याचं पाळलंत म्हणून राहिला. आणि लगेच म्हणाली, अजून तरी.

घरी आल्यावर त्याने अप्पांची कुबडी मागितली. आईने दाराआडून काढली, पुसली, त्याला दिली. उंची बरोबर आली. बाप-लेक एकाच उंचीचे होते.

मी तेव्हापासून आकड्यावरच होतो. कुणी हात लावला नाही. हिरवट डाग चढले, दांड्यावर कोळ्याने जाळं केलं. गव्हल्यांच्या डब्यात कीड पडली. आईने डबा घाटावर नेऊन माशांना रिकामा केला, रिकामा डबा आणून ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात नवे गव्हले केले नाहीत. आमटीत गूळ टाकत नाही. तीच अगोड आमटी स्वतःही खाते. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं, आता करत नाही. घरात बोलणं कमी झालंय. शार्दूल तिला काही लावून बोलत नाही, पण त्याच्या हातावरचा डाग रोज जेवायला बसतो.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि आमच्या गल्लीत ती लहान नाही. आई त्याला वाढत नाही. भांडी दोघांच्या मधे ठेवते आणि आपल्या ताटाकडे बघत जेवते. तो आपल्या हाताने घेतो. पहिल्या दिवशी तिला ते बघवलं नाही. जेवताना आपल्या हाताने घेणारा माणूस त्या घरात कधी झाला नव्हता. ती उठून खिडकीशी गेली. दुसऱ्या दिवशी बसून राहिली.

परवा शार्दूल लंगडत स्वयंपाकघरात आला. कढी केली होती, बिनसाखरेची, नुसत्या ताकाची. चमचा सापडेना. त्याने वर बघितलं, मला आकड्यावरून काढलं. जाळं पुसलं, चिंच आणि मीठ घेऊन बराच वेळ घासत बसला. आई दारात उभी राहून बघत होती.

"तो कशाला काढलास?" तिने विचारलं.

"माझा दोस्त आहे तो."

"फेकून देणार होते मी."

"पळ्याने काय केलंय, आई?"

तिने कढी चाखली. म्हणाली, "कढीत मीठ कमी आहे. घालू?" त्याने मान हलवली. तिने घातलं. विचारून घातलं, हे मी बघितलं.

मित्रांनो, मला घासा, पुसा, ओला ठेवू नका, एवढं सांगून मी गोष्ट संपवू शकलो असतो. ते तर कराच. पण माझं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरी कुणी ताटावर हात आडवा धरला तर हसू नका. भरलेला पळा घेऊन उभे राहू नका. तो हात निघेल की नाही, हे बघायला थांबू नका. माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला भूक नसते असं नाही. कधी कधी त्याला सगळ्यात जास्त भूक तेव्हाच लागलेली असते.

आणि शार्दूल, आता तुझ्याशी. तुझा पाय राहील की नाही, मला माहीत नाही. मी पळा आहे, डॉक्टर नाही. ज्याच्या हातात असतो तो कलवेल तसा कलतो, मला स्वतःहून थांबता येत नाही, हे तूही जाणतोस. पण आता मी तुझ्या हातात आहे. तू घेशील तेवढंच उचलीन, तू कलवशील तेवढाच कलेन. त्यापुढे एक थेंब सांडणार नाही. वचन देतो, दोस्ता.